पत्रिकांचा ताड

लग्नपत्रिका कचऱ्यात टाकता येत नाही. वर गणपती असतो, कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं असतं. रद्दीत द्यावी तर रद्दीवाला तिचं काय करेल सांगता येत नाही. मग ती कपाटावर जाते, तिच्यावर दुसरी जाते, दुसरीवर तिसरी. आमच्या कपाटावर अशा लोकांच्या पत्रिका होत्या की ज्यांची पोरं आता लग्नाला आलीत. काहींचं तर मोडून दुसरंही झालं. पत्रिका जागच्या जागी.

ही आम्हा हिंदूंची अडचण बरोब्बर ओळखली ती आमच्या घरमालकाने, आणि तो ख्रिस्ती. मरोळच्या गावठाणात त्याचं बापजाद्यांचं घर. पुढे ओटी, मागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. त्याचं नाव सांगत नाही. सगळे त्याला अंकल म्हणायचे. माझ्यापेक्षा थोडाच मोठा होता, तरी मीपण अंकलच म्हणायचो. मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टेम्पो चालवायचो म्हणून तो मला डायवर म्हणायचा. पुढे टेम्पो सुटला, गुडघे गेले, तरी त्याच्या तोंडी डायवरच राहिलो.

एक दिवस तो आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि हिला म्हणाला, वैनी, कपाटावरचे गणपती मला द्या, मी सांभाळतो. ही बघतच राहिली. मग त्याने नीट सांगितलं. त्याला जुन्या पत्रिका पाहिजे होत्या. त्यांच्या पट्ट्या कापायच्या, सायकलच्या स्पोकवर गुंडाळायच्या, शेवटाला डिंक लावायचा आणि स्पोक ओढून काढायचा. सुकलं की झाला मणी. असे मणी कोळी लोकांच्या तंगुसात, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यात ओवायचे आणि त्या सरी दाराला सोडायच्या. पूर्वी घराघरात असायचे असले पडदे, त्यात नवीन काही नाही. पण याला पडद्यात चित्र पाहिजे होतं. रंगारंगाचे मणी असे लावायचे की पडदा सोडला की दारात ताडाचं झाड उभं राहिलं पाहिजे.

तो ताड खरोखरचा होता. ओटीच्या समोरच. त्याचा बाप त्याच्यावर चढून ताडी काढायचा. रस्ता रुंद केला त्यात झाड गेलं. हे आम्ही इथे राहायला यायच्या आधीचं. मी एकदा विचारलं, एखादा फोटो नाही काढला? तर म्हणाला, झाडाचा फोटो कोण काढतो, झाड कुठं जाणार होतं?

आणि आता त्याचे डोळे जात होते. काचबिंदू. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती राहील तेपण सांगता येणार नाही. त्याला बाजूचं दिसेनासं झालं होतं, पाइपातून बघतो तसं समोरचं तेवढं दिसायचं. म्हणून घाई. एरवी त्याला कशाची घाई नसायची. मला म्हणाला, "डोळे जायच्या आत एकदा ते झाड माझ्या दारात बघायचंय, डायवर. मग काय व्हायचं ते होऊ दे."

माणूस लांबोडका, कायम हाफ पँट आणि भोकाचं बनियन. गळ्यात नाडीला बांधलेली कात्री. फक्त रविवारी चर्चला जाताना पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, तेव्हा तो दुसराच कोणीतरी वाटायचा. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. म्हणे देवाला मी दिसतो, फादरला दिसायची गरज नाय. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, तर म्हणायचा, कार्ड छापायचा कंटाळा. आणि हाच माणूस जगाच्या लग्नाची कार्डं गोळा करत फिरायचा.

घरातली एक वस्तू तो बाहेर जाऊ द्यायचा नाही. मोडकी छत्री, फुटका नळ, दिवाळीच्या पणत्या, सगळं ओटीवर. ओटीवर बसायला जागा नव्हती. कचऱ्याच्या गाडीवाल्याने एकदा त्याला सुनावलं, अंकल, हे सगळं फेका आता. तर हा त्याला म्हणतो, "फेकशील कुठं? फेकलं तरी मुंबईतच राहतंय." हे त्याचं ठरलेलं बोलणं. गाडीवाल्याला तेच, मला तेच, फादरलापण तेच.

त्याचे नियम होते. लग्न लागायच्या आधी पत्रिका घ्यायची नाही. कोणी आणून दिली की ती डोळ्याला लावून तारीख बघायचा आणि परत करायचा. आधी कापली आणि मग काय झालं म्हणजे? लग्नांना जायचा, पुढच्या खुर्चीवर बसायचा, अक्षता टाकायचा, पण जेवायचा नाही. यजमान मागे लागले की म्हणायचा मला डायबेटीस, कार्डं उरली असतील तर बघा. डायबेटीस त्याला नव्हता. आमच्या घरी जिलेबी हादडायचा.

त्यात हिरव्या रंगाची पंचाईत झाली. आपल्या पत्रिकांत लाल, मरून, पिवळा, सोनेरी. ताडाला पानं कुठून आणणार? मग तो मुसलमानांच्या वस्तीत शादीची कार्डं मागायला गेला. तिथे एक म्हातारा शिंपी होता. त्याने कार्डावरची त्यांच्या पवित्र अक्षरांची ओळ स्वतःच्या कात्रीने कापून स्वतःपाशी ठेवली आणि बाकीचं हिरवं कार्ड याच्या हातात दिलं. विषय संपला. अंकलला त्याचं फार कौतुक. तुम्ही लोक असं सरळ का करत नाय, मला विचारायचा.

एकदा तर मजा झाली. नाक्यावरच्या बिल्डिंगमधला एक पोरगा घामाघूम होऊन आला. त्याला लग्नाची नोंदणी करायची होती, परदेशी जायचं होतं, आणि ऑफिसात लग्नाची पत्रिका मागितलेली. घरातली शेवटची पत्रिका त्याच्या आईने अंकलला देऊन टाकली होती. अंकल म्हणाला, थांब, हाय तुझी बायको कुठंतरी. डबे उपसले. कुठला मणी कुठल्या पत्रिकेचा हे त्याला कसं कळायचं देव जाणे, पण त्याने मूठभर मणी बाजूला काढले आणि गरम पाण्यात टाकले. डिंक सुटला, पट्ट्या सरळ झाल्या. त्या त्याने पुठ्ठ्यावर चिकटवून पत्रिका परत उभी केली. वधूचं नाव जरा तिरकं आलं. पोरगा ती घेऊन गेला. ऑफिसातल्या बाईने म्हणे पत्रिकेकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

आता आमच्या हिचं सांगतो.

हिला लकवा झाला तो सकाळी भाकरी थापताना. डावी बाजू गेली. इलाज केले, मालिश केलं, पाय थोडा परत आला, हात नाही आला. दिवसभर पलंगावर. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नाही अशी बाई, तिला मी चहा करून द्यायचो आणि ती कपाकडे बघत बसायची. मला स्वयंपाकातलं काही येत नाही. मी चिडायचो, ती गप्प बसायची. घर असं झालं होतं.

अंकल आला आणि तिला एका हाताचं काम द्यायला लागला. बरोबर तेच, जे तिला येत होतं. देवासाठी कापसाच्या वाती ती मांडीवर एका तळव्याने वळायची. मणी काय, तसाच वळायचा. पण त्याने तिला सगळ्या पट्ट्या दिल्या नाहीत. गणपतीच्याच तेवढ्या दिल्या. एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला नुसता मरून रंग, अशा लांब पट्ट्या. पत्रिकेचा तो भाग बहुतेक मरूनच असतो, आणि ताडाच्या खोडाला त्याला मरून पाहिजे होता. पण त्याला भीती. म्हणाला, "तुमच्या देवाला मी कात्री लावणार नाय आणि गुंडाळणार पण नाय. उद्या मंडळाची पोरं माझ्या दारात येतील. तुमचा देव, तुम्ही गुंडाळा." कसं ते मात्र शिकवलं. देवाच्या टोकाकडून सुरू करायचं. देव आत जातो, रंग वर येतो. वरून मणी सगळा मरून.

हिने मान हलवली.

ही मान हलवायची म्हणजे काय ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं. ही कधी कोणाशी भांडली नाही. माझ्याशीपण नाही. मान हलवायची आणि तिला पाहिजे तेच करायची. मी लग्नानंतर सांगितलं होतं, डब्यात लसणाची चटणी देऊ नको, टेम्पोत वास राहतो. तिने मान हलवली. मी टेम्पो सोडला त्या दिवसापर्यंत डब्यात लसणाची चटणी होती.

पहिल्या दिवशी ती मांडीवर वळायला गेली आणि थांबली. मला म्हणाली, "देव मांडीवर वळायचा नसतो. पाट आणा." गणपती बसवायचा आमचा शिसवी पाट मी तिच्या पुढ्यात पलंगावर ठेवला. त्यावर ती पट्टी ठेवायची, आधी कपाळाला लावायची, मग स्पोकवर वळायची. उजव्या तळव्याने सरसर. डिंक मी लावायचो. डिंक जास्त लागला की माझ्याकडे बघायची. बोलायला तिला त्रास व्हायचा, पण बघायची मात्र अगदी पहिल्यासारखी. मणी झाला की डब्यात. मी त्या मण्यांकडे कधी नीट बघितलं नाही. मी तिच्या हाताकडे बघायचो. हात चालतोय ना, एवढंच.

संध्याकाळी अंकल यायचा, डबा हलवून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, खोड वाढतंय वैनी. ही हसायची. लकव्याने तोंड जरा वाकडं झालेलं, तरी हसायची. त्याने सांगितलेला ताड तिला दिसत असणार. मला काही दिसत नव्हतं. मला वाटायचं हे दोन म्हातारे कागदाचा चिवडा करतायत. पण त्या वर्षात घरात चिडणं कमी झालं, हे खरं.

ती गेली पावसाळा लागता लागता. पट्ट्या संपल्या आणि मग गेली असं मी लोकांना सांगतो, पण तसं नव्हतं. दोन-चार पट्ट्या पाटाखाली राहिल्या होत्या, त्या कुठे गेल्या मला माहीत नाही.

तेराव्याला सगळे जेवून गेले. अंकल मागे राहिला. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, वैनीचा शेवटचा डबा कुठं हाय? मला असा राग आला की डबा त्याच्या अंगावर फेकावा. दिला मी. तो डबा हलवून आवाज ऐकत ऐकत ओटीकडे गेला. त्याला काय म्हणायचं, दगड म्हणायचं का? पुढे बरेच दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंही नसेल. भाडं द्यायला गेलो तरी तो मान वर करायचा नाही, ओवत बसलेला असायचा. त्याने ओटीच्या लादीवर खडूने ताड काढला होता, चौकटी चौकटींचा, आणि त्या चौकटींप्रमाणे तो सर लावायचा. अर्धं नजरेने, अर्धं चाचपून. डब्यांवर हिरवा कुठला, पिवळा कुठला ते लिहून ठेवलेलं. वैनीचा डबा म्हणजे मरून. उघडून खात्री करायची त्याला काय गरज?

पडदा लावायला त्याने आगेऱ्याचा रविवार धरला. आगेरा हा त्यांचा नव्या भाताचा सण. मरोळला भात आता कुठे पिकतंय, ते लोंब्या बाहेरून आणतात, पण चर्चला नेऊन आशीर्वाद घेतात आणि घरी आणून बांधतात. त्या दिवशी त्याने ओटी रिकामी केली होती. मी ती ओटी पहिल्यांदा मोकळी बघितली. त्याची बहीण वसईवरून आली होती, आजूबाजूचे लोक आले होते. मीपण गेलो. तिचं काहीतरी त्यात आहे, म्हणून गेलो.

पडदा सोडला. मणी एकमेकांवर आपटले, आवाज छान आला. मग सगळे बघायला लागले.

वर हिरवं काहीतरी होतं. पसरलेलं. बाकी सगळं पिवळं आणि सोनेरी. कोणी म्हणालं छत्री. कोणी म्हणालं पोपट, पंख पसरलेला. एक जण म्हणाला फटाका फुटतो ना आकाशात, तो. बहीण म्हणाली, "अरे, हा तर झाडू उलटा धरलाय." सगळे हसले. मी म्हटलं झाड आहे. लोकांनी विचारलं, कुठे आहे? आणि मलाही ते दाखवता येईना. पानं होती, पण ती हवेत लटकत होती. खाली काहीच नव्हतं.

अंकल रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. लांबून दिसेल असं त्याला वाटलं असेल. रिक्षावाले हॉर्न मारत होते, तो हलत नव्हता. मग परत आला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. "खोड कुठं गेलं?" एवढंच म्हणाला. आम्हाला नाही, स्वतःलाच.

लोक केक आणि भात खाऊन गेले. बहीण भांडी आवरत होती. त्याने मधली एक सर हातात घेतली आणि एक मणी पार डोळ्यासमोर नेला. बराच वेळ बघितला. मग दुसरा. मग तिसरा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनीने देव बाहेर ठेवला."

मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक मण्यावर सोनेरी गणपती. कुठे सोंड वर आलेली, कुठे कान, कुठे मुकुट. मरून रंग सगळा आत. हिने प्रत्येक पट्टी उलट्या टोकाकडून वळली होती. देवाला आत कोंडायचं नाही, असं तिने ठरवलं असणार, आणि मान हलवली. पिवळ्या आभाळात सोनेरी खोड. कोणाला दिसणार?

मला हसू आलं. मग त्याच्याकडे बघून लाज वाटली. मग आणखी काहीतरी झालं, ते काय ते मला आजपण सांगता येत नाही. हजारो मण्यांत तिचे कुठले, हे मला कधीच कळलं नसतं. आता ते सरळ समोर होतं. जिथे झाड नाही, तिथे ती.

दुसऱ्या दिवशी त्याने गरम पाणी केलं. पातेलं ओटीवर आणून ठेवलं आणि खोडाच्या सरी सोडवायला बसला. मला आवाजावरून कळलं. मी गेलो.

"उघडायचे नाहीत," मी म्हणालो.

"उघडायचे आणि सरळ वळायचे. तेच मणी, तेच कागद. वैनीचं काय जातंय त्यात?"

"ते तिने वळलेत."

"झाड माझं हाय, डायवर."

"खोड तिचं आहे."

तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तिचं तुला रोज आठवतंय ना? तुझं कुठं जात नाय. माझं रोज थोडं थोडं जातंय. सकाळी उठून मी आधी काय दिसतंय ते बघतो."

मी टेम्पोवाला माणूस, मला वाद घालता येत नाही, शिव्या देता येतात. आणि शिवी द्यावी असं तो काही बोलला नव्हता. त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं असं मला वाटतं. मी म्हटलं, एक उघड. एक उघडून बघ.

त्याने मधल्या सरीचा सगळ्यात खालचा मणी काढला, झाडाच्या मुळाशी असतो तो. पाण्यात टाकला. आम्ही दोघे वाकून बघत होतो. थोड्या वेळाने डिंक सुटला आणि पट्टी हळूहळू सरळ झाली. मला वाटलं होतं उघडल्यावर आतून काहीतरी निघेल. काय निघणार होतं? कागद निघाला. एका टोकाला गणपती, मध्ये कोणाचं तरी अर्धं नाव, दुसऱ्या टोकाला मरून रंग. पाण्यात ती अशी सपाट पडली होती जशी कधी कोणी वळलीच नव्हती.

अंकलने ती पुसली आणि स्पोकवर वळायला घेतली. देवाच्या टोकाकडून, त्याने सांगितलं होतं तशी. मणी ढिला आला, विझलेल्या विडीसारखा. परत केला. परत तसाच. तिसऱ्यांदा त्याने पट्टी सोडली आणि हाताकडे बघत बसला.

"वैनीचा हात नाय," तो म्हणाला.

मग पातेलं उचललं आणि पाणी पायरीवर ओतून टाकलं. सरी परत बांधल्या. दुसरा मणी त्याने उघडला नाही. हे त्याने माझ्यासाठी केलं की जमत नाही म्हणून केलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. ती ओली पट्टी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, तू वळून आण. देव बाहेर ठेव की आत ठेव, तुझ्यावर हाय.

मी ती घरी आणून पाटावर सुकत ठेवली. रंग वर आणला तर तिचं मोडणार. देव वर आणला तर त्याचं झाड मीच मोडल्यासारखं. एका मण्याने कोणाचं काही होत नाही हे मला समजतं. शाळा चौथीपर्यंतच झाली तरी एवढं समजतं. तरीपण पट्टी पाटावरच राहिली.

पडदा तसाच दारात होता. कोणी विचारलं हे काय, तर अंकल म्हणायचा ताड. खोड कुठे विचारलं तर म्हणायचा, ते डायवरच्या बायकोला विचारा. नवीन माणसाला ते कळायचं नाही. मला कळायचं, आणि बरं वाटायचं की वाईट, तेच ठरायचं नाही.

मग त्याची नजर गेली. एकदम नाही, पण शेवटी शेवटी भरभर गेली. ओटीच्या पायरीवर दोनदा पडला. बहीण येऊन त्याला वसईला घेऊन गेली. सामान नेताना त्याने दुसरं काही मागितलं नाही, फेकू नका एवढंच म्हणाला. पडदा मात्र बरोबर पाहिजे. मी चादरीत गुंडाळून दिला. ओळखीचा टेम्पो सांगितला आणि पुढे शेजारी बसून त्यांना सोडून आलो. वाटेत तो विचारत होता, आता कुठं आलो? मी सांगत होतो. घोडबंदरच्या पुलावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढून खाडीचा वारा घेतला. बहिणीच्या दाराला पडदा मीच लावला. निघताना म्हणाला, खोडाचा एक दात पडलाय खाली, लक्षात हाय ना?

आता मरोळचं घर तसं रिकामंच. पुढे कुलूप, मागे मी.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. बहिणीने लावून दिला असणार. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाला, "डायवर, खोड सापडलं."

मी म्हटलं, कुठे सापडलं?

म्हणाला, पडद्यातच. बसल्या बसल्या हात फिरवत होतो. बाकी मणी सगळे गुळगुळीत. मधल्या सरींना हात लावला की खरखरीत लागतंय. तुमच्या पत्रिकांवरचा देव उठावाचा छापतात ना, तो. बोट खालून वर नेलं तर देव, देव, देव, आणि मग परत गुळगुळीत, म्हणजे पानं आली. मग वरून खाली आलो. सरळ खोड हाय. जसं होतं तसं. बाप चढायचा तेव्हा खाली उभा राहून मी हात लावायचो, तेव्हापण असंच खरखरीत लागायचं.

मग म्हणाला, खाली फक्त एक भोक हाय. आणतोस कधी?

हे खरं की खोटं, मला कळत नाही. तो गोड बोलणारा माणूस नव्हता. माझ्या बायकोच्या तेराव्याला डबा मागणारा माणूस तो. पण दिवसभर अंधारात बसून माणूस काय काय जोडतो कोणाला माहीत. आणि हिला हे ठाऊक होतं का? तिला काय ठाऊक असणार? तिने फक्त देव आत जाऊ दिला नाही.

फोन ठेवल्यावर मी पाटाशी बसलो. पट्टी सरळ केली, डोळे मिटले आणि गणपतीवरून अंगठा फिरवला. मला काही लागलं नाही. गरम पाण्याने उठाव बसला असेल. नाहीतर आयुष्यभर स्टिअरिंग धरून माझा अंगठाच निबर झाला असेल. दोन्हीतलं कुठलं ते सांगणारं आता घरात कोणी नाही.

डिंकाची बाटली आणून ठेवलीय. रंगाच्या टोकाकडून सुरू करायचं, एवढं मला कळलंय.